स्त्री कोणास म्हणावें? : दोन ग्रंथ आणि एक निकाल

जो शब्द रोज तोंडीं असतो त्याची व्याख्या करण्याची पाळी सहसा येत नाहीं. आणि ज्या दिवशीं ती येते त्या दिवशीं खुशाल समजावें कीं, त्या शब्दाच्या आड कोणाचा तरी हक्क अडकलेला आहे. बांध नेमका कोठें आहे हें तंटा उभा राहीपर्यंत कोणी मोजीत नाहीं. 'स्त्री' या साध्या शब्दाचें ब्रिटनमध्यें गेल्या कांहीं वर्षांत असेंच झालें. पार्लमेंट, न्यायालयें, विद्यापीठें, रुग्णालयें, क्रीडांगणें या सर्व ठिकाणीं 'स्त्री कोणास म्हणावें?' हा प्रश्न विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावरून जुन्या मैत्रिणी एकमेकींशीं बोलेनाशा झाल्या. वादाचे दोन पक्ष स्थूलमानानें असे आहेत. जन्मतः पुरुषदेह असूनही ज्या व्यक्ति स्वतःस स्त्री मानतात व स्त्री म्हणून जगतात, ज्यांना आजच्या मराठींत पारलिंगी स्त्रिया म्हणतात, त्यांना सर्व व्यवहारांत स्त्रियाच मानावें, असें एका पक्षाचें म्हणणें. स्त्रियांचे कित्येक हक्क स्त्रीदेहाच्या वस्तुस्थितीवर उभे आहेत. तेव्हां असें सरसकट मानल्यास ते हक्क निराधार होतील, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. हा तंटा 'स्त्रीवादी विरुद्ध पारलिंगी' असा आहे असें वर्तमानपत्रें लिहितात, तें अर्धेंच खरें आहे. कारण स्वतःस स्त्रीवादी म्हणविणाऱ्या स्त्रिया दोन्ही पक्षांत आहेत, आणि थोड्या पारलिंगी व्यक्तिही दुसऱ्या पक्षांत आहेत.

या वादांतून २०२१ या एकाच वर्षीं दोन लक्षणीय ग्रंथ बाहेर पडले. एक कॅथलीन स्टॉक यांचा 'मटीरियल गर्ल्स' आणि दुसरा शॉन फे यांचा 'द ट्रान्सजेंडर इश्यू'. पहिल्या ग्रंथकर्त्री त्या वेळीं ससेक्स विद्यापीठांत तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका होत्या. दुसऱ्या ग्रंथकर्त्रींचें शिक्षण कायद्याचें, व्यवसाय लेखनाचा, आणि त्या स्वतः पारलिंगी स्त्री आहेत. दोघींचा उल्लेख आम्ही 'बाई' या एकाच उपपदानें करणार आहों. माणसाला त्याच्या इच्छेप्रमाणें हांक मारावी हा सभ्यतेचा साधा नियम होय. आणि स्टॉकबाईही आपल्या पुस्तकांत बहुतेक प्रसंगीं तो पाळतात. हे दोन ग्रंथ आणि २०२५ मध्यें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निकाल यांचा एकत्र विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विचार मराठी वाचकांस परका नाहीं. हाच प्रश्न जळगांव जिल्ह्यांतील एका ग्रामपंचायतींत उभा राहून गेला आहे, हें पुढें दिसून येईल.

आधीं शब्दांकडे पाहूं. इंग्रजींत देहाच्या लिंगास 'सेक्स' आणि समाजानें त्या देहावर चढविलेल्या वागणुकीस, पोशाखास व अपेक्षांस 'जेंडर' अशी वांटणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाली. तिचें बीज सिमोन द बोव्हार यांच्या १९४९ सालच्या 'द सेकंड सेक्स' या नांवानें इंग्रजींत प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत आहे, असें बहुतेक मानतात. या वांटणीचा हेतु उघड होता: स्त्रीचें दास्य तिच्या देहानें ठरविलेलें नाहीं, तें समाजानें लादलेलें आहे, एवढें सिद्ध करावयाचें होतें. आमच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ मध्यें 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली तेव्हां हे दोन इंग्रजी शब्द त्यांच्या हातीं नव्हते. पण स्त्रीच्या माथीं मारलेले दोष तिच्या जातीचे नसून पुरुषांनीं घातलेल्या रूढीचे आहेत, हाच त्यांचा मुद्दा होता. मराठींत मात्र 'लिंग' हा एकच शब्द व्याकरणास, देहास आणि समाजव्यवहारास पुरत आला. 'लिंगभाव' हा शब्द अभ्यासकांनीं मागाहून घडविला.

आतां मौज अशी कीं, स्त्रीवादानें आपल्या सुटकेसाठीं घडविलेलें हें हत्यार दोन्ही पक्षांनीं उचललें. एक पक्ष म्हणतो, बाईपण जर देहानें ठरत नाहीं, तर ज्या देहास जन्मतः पुरुष म्हटलें त्या देहांत तें कां असूं नये? दुसरा म्हणतो, बाईपण जर बाहेरून लादलेलें जूं आहे, तर तें कोणाच्या अंतःकरणांतील उपजत भावना कसें असूं शकेल? दोन्ही अनुमानें एकाच सिद्धान्तांतून निघतात. म्हणून या वादांत परक्याशीं झगडतांना दिसणारी तटस्थता नाहीं; भाऊबंदकींतला कडवटपणा आहे.

कायद्याची हकीकत थोडक्यांत अशी. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें २००२ मध्यें ब्रिटनविरुद्ध निकाल देऊन, पारलिंगी व्यक्तींस नव्या लिंगाची कायदेशीर मान्यता न देणें हा हक्कभंग होय, असें ठरविलें. त्यावर ब्रिटननें २००४ मध्यें लिंगमान्यतेचा कायदा केला. अर्जदार अठरा वर्षांवरील असावा, डॉक्टरी निदान असावें, दोन वर्षें नव्या लिंगानें राहून दाखवावें आणि आमरण तसेंच राहण्याची प्रतिज्ञा करावी, म्हणजे त्यास प्रमाणपत्र मिळे. पुढें २०१० मध्यें समानतेचा कायदा झाला. त्यांत 'लिंग' आणि 'लिंगपरिवर्तन' अशीं दोन वेगळीं कारणें संरक्षणासाठीं नमूद केलीं, आणि सबळ हेतु असल्यास स्त्रियांसाठीं वेगळ्या सोयी ठेवण्याची मुभाही दिली. परंतु २००४ चें प्रमाणपत्र मिळालेली व्यक्ति २०१० च्या कायद्यांतील 'स्त्री' या शब्दांत येते कीं नाहीं, हें त्या कायद्यानें स्पष्ट केलें नाहीं. या मुग्धतेवर सरकारी कचेऱ्यांनीं कित्येक वर्षें कारभार केला. २०१८ मध्यें डॉक्टरी निदानाची अट काढून केवळ स्वतःच्या प्रतिज्ञेवर मान्यता द्यावी काय, अशी लोकमताची विचारणा सरकारनें केली. लाखाहून अधिक उत्तरें आलीं. आणि २०२० मध्यें सरकारनें तो विचार सोडून दिला. दोन्ही ग्रंथ लिहिले गेले ते या धुमाळींत.

स्टॉकबाईंच्या ग्रंथाचा मोठा गुण स्वच्छपणा हा आहे. शब्द वापरण्यापूर्वीं त्या तो घासून पाहतात. देहाचें लिंग कशावरून ठरवावें, याच्या तीन रीति त्या मांडतात: बीजपेशींवरून, गुणसूत्रांवरून, किंवा अनेक लक्षणांच्या समूहावरून. यांपैकीं कोणतीही रीति घेतली तरी कांहीं देह सीमेवर राहतात. पण संधिप्रकाश असतो एवढ्यावरून दिवस व रात्र हे भेदच खोटे ठरत नाहींत, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. हा भेद कोठें लागतो? औषधोपचारांत, खेळांत, माणसाच्या लैंगिक ओढींत, आणि पुरुषांकडून स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांसारख्या सामाजिक परिणामांत, असें त्या क्रमानें दाखवितात. 'अंतरांतील लिंगभाव' ही कल्पनाही त्या अशीच तपासतात. मिठाईच्या कांडीत आरपार अक्षरें असावीं तसा लिंगभाव माणसाच्या आंत जन्मतः कोरलेला असतो, हें मत त्यांस पटत नाहीं. एखाद्या आदर्शाशीं मन दृढपणें एकरूप होतें, असें त्या त्याचें वर्णन करतात. आणि ही एकरूपता खोल व आदरणीय असूं शकते हें मान्य करूनही, सर्व कायदा तिच्यावर उभारूं नये असें सांगतात. पारलिंगी लोकांस हिंसेपासून व पक्षपातापासून संरक्षण असावें, याविषयीं त्यांच्या लेखनांत संदिग्धता नाहीं. त्यांच्या विरोधकांपैकीं कित्येकांनीं हा भाग वाचलेलाच नसावा, असें त्यांच्यावरील टीका वाचतांना वाटतें.

ग्रंथाचा सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे पारलिंगी स्त्रीस 'स्त्री' म्हणणें हें एका कल्पितांत शिरणें होय, हा सिद्धान्त. नाटक पाहतांना आपण रंगभूमीवरील राजास राजा मानतों. तसें मानण्यांत लबाडी नाहीं आणि तें हितकरही असूं शकतें. पण विद्यापीठें, न्यायालयें व सरकारी खातीं यांनीं पडदा पडल्यावरही तसेंच मानलें पाहिजे असा आग्रह धरला कीं सत्य बोलणाराची कोंडी होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. येथें आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे. कल्पित हा शब्दच मुळीं चुकीच्या जागीं पडला आहे. कायद्यास नाटकाहून जवळची एक वस्तु ठाऊक आहे, आणि आमच्या कायद्याच्या मराठींत तिला 'मानीव' असें नेटकें नांव आहे. दत्तकाचेंच उदाहरण घ्या. सोफी-ग्रेस चॅपेल या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनीं याच वादांत दत्तकाचा दृष्टान्त दिलेला आहे. आमच्या दत्तककायद्यांत त्यास एक लक्षांत घेण्यासारखी कड आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणें दत्तक गेलेलें मूल सर्व बाबतींत नव्या घरचें होतें. त्याची आई खोटी आई आहे, ती आईचें सोंग करीत आहे, असें कोणी सभ्य मनुष्य म्हणणार नाहीं. तथापि तोच कायदा सांगतो कीं, जन्मघराण्यांत ज्याच्याशीं त्याचा विवाह निषिद्ध होता त्याच्याशीं तो दत्तकानंतरही निषिद्धच राहील. म्हणजे नातें पूर्ण मानलें, आणि जेथें रक्ताचा संबंध खरोखर महत्त्वाचा होता तेथें एक अपवाद नांव घेऊन, कारण सांगून ठेवला. यांत ना सोंग आहे ना विस्मरण.

हा दृष्टान्तही सर्वत्र लागू पडत नाहीं, हें आम्ही जाणतों. दत्तकांत मूल ज्या घरीं येतें त्या घरची संमति असते. आणि 'आमची संमति कोणी विचारली?' हीच तर अनेक स्त्रियांची तक्रार आहे. उलट, आपण कोण आहों हें सांगण्यास दुसऱ्याची संमति कां लागावी, असें पारलिंगी व्यक्ति विचारतील. पण सर्वत्र होय किंवा सर्वत्र नाहीं याखेरीज तिसरी वाट कायद्याला चालतां येते, एवढें यावरून दिसतें. स्टॉकबाईंच्या ग्रंथांत दुसरी उणीव आहे ती सहवासाची. पारलिंगी माणूस त्यांच्या पानांत युक्तिवादाचें उदाहरण म्हणून येतो; शेजारी, भाडेकरू, आजारी, नोकरी शोधणारा म्हणून क्वचितच येतो. ज्याच्याविषयीं नियम करावयाचा त्याचें रोजचें जिणें डोळ्यांसमोर नसलें म्हणजे नियम बरोबर असूनही कठोर वाटतो.

ही उणीव फेबाईंचा ग्रंथ भरून काढतो. त्यांनीं आत्मचरित्र लिहिण्याचें मुद्दाम टाळलें आहे. 'पारलिंगी प्रश्न' म्हणून वर्तमानपत्रें जो चघळतात तो पारलिंगी लोकांचा प्रश्नच नव्हे, असें त्यांचें प्रतिपादन आहे. दवाखान्यांत पहिल्या भेटीसाठीं अठरा आठवड्यांची मर्यादा कागदावर असतां प्रत्यक्षांत वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. घरांतून हाकलून दिलेल्या तरुणांस निवारा मिळत नाहीं. नोकरीच्या मुलाखतींत आवाज ऐकतांच चेहरे बदलतात. पोटासाठीं देहविक्रय करणाऱ्यांस पोलिसांचें भय असतें. या गोष्टी त्या एकामागून एक मांडतात आणि त्यांचा संबंध गरिबीशीं, वर्गाशीं व राज्यसत्तेशीं जोडतात. त्यांचें गद्य कायदा शिकलेल्या माणसाचें आहे: आवेश आहे, पण पुरावा सोडून धांवत नाहीं. दवाखान्यांवरील व मजुरीवरील प्रकरणें तर प्रतिपक्षानेंही वाचावीं इतकीं चांगलीं आहेत. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेंत सुमारें २ लाख ६२ हजार व्यक्तींनीं, म्हणजे उत्तर देण्यास पात्र लोकसंख्येच्या सुमारें अर्ध्या टक्क्यानें, आपला लिंगभाव जन्मलिंगाहून वेगळा सांगितला. पुढें हा प्रश्नच कित्येकांस नीट कळला नसावा अशी शंका निघाली आणि २०२४ मध्यें या आंकड्यांचा अधिकृत दर्जा उतरविला गेला. कांहीं झालें तरी ही संख्या लहानच आहे. आणि लहान संख्येच्या लोकांविषयीं इतका मोठा गलबला कां, हा फेबाईंचा प्रश्न दुर्लक्ष करण्यासारखा नाहीं.

परंतु जेथें त्यांनीं थांबावयास हवें होतें तेथूनच त्या पुढें निघून जातात. स्त्रीवादावरील प्रकरणांत स्त्रियांच्या आक्षेपांस त्या प्रतिक्रियेचा एक प्रकार समजतात. त्यांतील भयाची वेगळी तपासणी करीत नाहींत. अमेरिकेंत १९६९ च्या सुमारास बेटी फ्रीडन यांनीं समलिंगी स्त्रियांस चळवळीवरील संकट मानलें आणि पुढें इतिहासानें तें भय खोटें ठरविलें, हा दाखला पारलिंगी पक्षाकडून वारंवार दिला जातो. तो वजनदार आहे. पण समलिंगी स्त्रियांस आंत घेतांना 'स्त्री' या शब्दाची कड हलवावी लागली नव्हती, हा फरक त्यांत राहून जातो. तुरुंगाच्या बाबतींत तर फेबाईंचें उत्तर असें कीं, तुरुंग ही संस्थाच नष्ट करावी. हें ध्येय म्हणून कोणास कितीही प्रिय असो. आज रात्रीं ज्या कोठडींत एक स्त्रीकैदी झोंपणार आहे तिच्या शेजारीं कोणास ठेवावें, या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे.

दोन्ही ग्रंथ एकापुढें एक ठेवून वाचले म्हणजे ध्यानांत येतें कीं, हे दोघे प्रतिवादी एकाच न्यायालयांत उभेच राहिलेले नाहींत. एक व्याख्येविषयीं बोलतो, दुसरा जिण्याविषयीं. आणि दोन्ही पक्षांच्या अनुयायांनीं आपापल्या बाजूनें एकेक भयंकर उदाहरण हातीं धरलें आहे. २०२३ च्या जानेवारींत स्कॉटलंडमध्यें बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्या एका पारलिंगी कैद्यास प्रथम स्त्रियांच्या तुरुंगांत ठेवलें गेलें आणि बोभाटा झाल्यावर पुरुषांच्या तुरुंगांत हलविलें गेलें. पुढच्याच महिन्यांत इंग्लंडमध्यें सोळा वर्षांच्या एका पारलिंगी मुलीचा दोन अल्पवयीनांनीं खून केला; मुख्य हेतु क्रौर्य हाच असला तरी त्यांतील एकाच्या मनांत तिच्या पारलिंगीपणाविषयींचा द्वेषही होता, असें न्यायाधीशांनीं शिक्षा सुनावतांना म्हटलें. पहिल्या उदाहरणावरून सर्व पारलिंगी स्त्रियांवर संशय घेणें जितकें अन्यायाचें, तितकेंच दुसऱ्यावरून वेगळी खोली मागणाऱ्या प्रत्येक स्त्रीस खुन्याची साथीदार ठरविणें अन्यायाचें होय. वेगळी जागा मागणें हा द्वेष नव्हे. बलात्कारपीडितांचीं आश्रयगृहें स्त्रियांनीं स्वतःच्या कष्टानें उभीं केलीं तीं कोणास दूर लोटण्याची हौस म्हणून नव्हेत. तसेंच, आपणांस आपल्या नांवानें जगूं द्यावें ही मागणी कोणाच्या हक्कावर दरोडा नव्हे.

आमच्या मतें 'स्त्री कोण?' या प्रश्नापुढें 'कशासाठीं?' हा शब्द जोडल्याशिवाय त्याचें शहाणें उत्तर निघत नाहीं. संभाषणांतील शिष्टाचारासाठीं, नोकरींतील न्यायासाठीं, दवाखान्यांतील मायेसाठीं उत्तर एक असूं शकेल. धांवण्याच्या शर्यतीसाठीं दुसरें. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनें मार्च २०२३ मध्यें पुरुषी यौवनावस्थेंतून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांस स्त्रियांच्या जागतिक स्पर्धांतून वगळलें, तें माणूस म्हणून त्यांची प्रतिष्ठा नाकारून नव्हे. यौवनानें दिलेलें बळ हें कारण त्यासाठीं सांगितलें गेलें. त्या कारणाशीं वाद घालतां येतो, आणि घालावाही; पण तो वाद शर्यतीचाच असला पाहिजे.

यावर दोन्हीकडून आक्षेप येतील. स्टॉकबाईंच्या पक्षाचे लोक म्हणतील कीं, कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारांत कोणी कारकून बसलेला नसतो. तेथें प्रत्येक प्रसंगाचा विचार करीत बसतां येत नाहीं, सर्वांस कळेल असा सोपा नियमच हवा. फेबाईंच्या पक्षाचे म्हणतील कीं, देहावर आधारलेला नियम पाळावयाचा तर कोणी तरी कोणाचा तरी देह निरखणार. त्याचा जाच उंच, रुंद, आखूड केसांच्या साध्या स्त्रियांसही होईल. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. नियम कोणताही करा, त्याची किंमत कोणी ना कोणी देतोच. ती कोण देतो हें न लपवितां लिहावें, एवढी अपेक्षा ग्रंथकारांकडून आहे. आणि या कसोटीला दोन्ही ग्रंथ अर्धेच उतरतात, कारण प्रत्येकानें आपल्या पक्षाची किंमत मोजली आहे आणि दुसऱ्याची किरकोळ खर्चांत टाकली आहे.

याच दृष्टीनें सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचण्यासारखा आहे. स्कॉटलंडनें २०१८ मध्यें सरकारी मंडळांवर निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्या असा कायदा केला. प्रमाणपत्र असलेली पारलिंगी स्त्री त्या जागांत मोजावी कीं नाहीं, यावरून 'फॉर विमेन स्कॉटलंड' ही संस्था सरकारविरुद्ध न्यायालयांत गेली. मध्यंतरीं डिसेंबर २०२२ मध्यें स्कॉटिश पार्लमेंटनें ८६ विरुद्ध ३९ मतांनीं स्वप्रतिज्ञेचें विधेयक मंजूर केलें, आणि जानेवारी २०२३ मध्यें ब्रिटिश सरकारनें तें अडविलें. शेवटीं १६ एप्रिल २०२५ रोजीं पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, २०१० च्या समानतेच्या कायद्यांत 'स्त्री' व 'लिंग' या शब्दांचा अर्थ जीवशास्त्रीय आहे, आणि प्रमाणपत्रानें तो बदलत नाहीं. नाहीं तर गर्भारपणाविषयींचीं व स्त्रियांच्या वेगळ्या सोयींविषयींचीं कलमें अर्थहीन होतात, असें त्यांचें मुख्य कारण होतें. पारलिंगी व्यक्तींस 'लिंगपरिवर्तन' या कारणाखालीं असलेलें संरक्षण कायम आहे, हेंही त्यांनीं सांगितलें. आणि लॉर्ड हॉज यांनीं हा एका पक्षाचा दुसऱ्यावर विजय समजूं नये अशी स्पष्ट सूचना दिली. ती कोणीं ऐकली नाहीं. एका पक्षानें त्याच दिवशीं जल्लोष केला. त्याच आठवड्यांत दुसऱ्या पक्षाचे हजारों लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले. या खटल्यांत पारलिंगी व्यक्तींपैकीं कोणाचें म्हणणें मध्यस्थ म्हणून ऐकलें गेलें नाहीं, ही तक्रार मागें राहिली. ज्याच्याविषयीं निर्णय होतो त्याचा आवाज दालनांत नसणें हें व्यंग निकाल बरोबर असला तरी झांकत नाहीं. शिवाय न्यायालयानें एका कायद्यांतील एका शब्दाचा अर्थ सांगितला. समाजानें कसें वागावें हें सांगितलें नाहीं. तें काम न्यायालयाचें नव्हे.

आतां जळगांवची गोष्ट. आमच्याकडे १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथी व्यक्तींस पुरुष, स्त्री वा तृतीयलिंगी म्हणून स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. पुढें जळगांव जिल्ह्यांतील भादली बुद्रुक येथें एका पारलिंगी उमेदवारानें ग्रामपंचायतीच्या स्त्रीराखीव जागेसाठीं अर्ज भरला आणि निवडणूक अधिकाऱ्यानें तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हांच्या औरंगाबाद खंडपीठानें जानेवारी २०२१ मध्यें त्या अर्जास मान्यता दिली. उमेदवारानें स्त्रीत्व पत्करलें आहे आणि राखीव जागेच्या फायद्यापुरतें तें पत्करून मागाहून पुरुष होण्याचा तिचा विचार नाहीं, याकडे न्यायालयानें मुद्दाम लक्ष दिलें. निवडणूक झाली आणि ती निवडून आली. स्कॉटलंडमधील मंडळाच्या जागेचा आणि खानदेशांतील राखीव जागेचा प्रश्न एकाच जातीचा. उत्तरें मात्र परस्परविरुद्ध. याचें कारण एक देश दयाळू आणि दुसरा निर्दय असें नाहीं. तेथें एका लिखित कायद्याचा अर्थ लावावयाचा होता. येथें स्वतःची ओळख ठरविण्याचा घटनात्मक हक्क आधींच मान्य झालेला होता.

यावरून आपण पुढें गेलों आहों असा गर्व मात्र कोणी करूं नये. पारलिंगी व्यक्तींच्या संरक्षणासाठीं म्हणून २०१९ मध्यें झालेल्या आमच्या कायद्यानें त्यांच्यावरील लैंगिक अत्याचारास कमाल दोन वर्षांची शिक्षा ठेवली. त्याच वेळीं स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षांची शिक्षा होती. 'स्त्री' या शब्दाच्या कोणत्या बाजूस माणूस उभा आहे यावरून त्याच्या वेदनेची किंमत अशी बदलते. ब्रिटनमधील वादांत स्त्रिया एका भिंतीसाठीं झगडत आहेत आणि पारलिंगी स्त्रिया एका दारासाठीं. आमच्याकडे पुष्कळ पारलिंगी व्यक्तींस अजून छपरासाठींच झगडावें लागतें.

भाषेचा एक मुद्दा राहिला. इंग्रजींतील भांडण बहुतेक तृतीयपुरुषी सर्वनामावर आहे. कारण इंग्रजींत 'मी' म्हणणारास लिंग नाहीं, त्याचें लिंग दुसऱ्याच्या तोंडून ठरतें. मराठींत तसें नाहीं. 'मी आलों' कीं 'मी आलें', हें बोलणाऱ्यास पुष्कळ वाक्यांत स्वतःच सांगावें लागतें. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या मराठी आत्मकथनासारखें पुस्तक वाचतांना हें विशेष जाणवतें. क्रियापद बोलणाराच्या हातीं आहे. 'तो' कीं 'ती' हें सर्वनाम मात्र ऐकणाराच्या हातीं राहतें. पहिलें कोणास हिरावून घेतां येणार नाहीं, आणि दुसरें दंड्यानें मिळवितां येणार नाहीं. तें सहवासानें मिळतें.

हें दंडेलीचें भय ब्रिटनमध्यें केवळ कल्पनेंतलें नव्हतें. जून २०२१ मध्यें तेथील वरिष्ठ रोजगार न्यायाधिकरणानें असा निर्णय दिला कीं, देहाचें लिंग बदलत नाहीं हें मत बाळगणाऱ्यास कायद्याचें संरक्षण आहे, मात्र त्या मताच्या नांवाखालीं कोणाचा छळ करण्याची मुभा नाहीं. असें असूनही त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, विद्यार्थ्यांनीं बडतर्फीची मागणी करीत चालविलेल्या निदर्शनांनंतर, स्टॉकबाईंनीं प्राध्यापकपद सोडलें. पुस्तकाचें खंडन पुस्तकानें करावें. लेखिकेस विद्यापीठांत वावरणें अशक्य करून केलेलें खंडन ज्याच्यासाठीं केलें त्याच्याच पक्षास लंगडें करतें. आणि फेबाईंच्या पक्षास प्रतिपक्षाच्या वर्तमानपत्रांनीं वर्षानुवर्षें केलेल्या टवाळीचा जो अनुभव आहे, त्यालाही हाच न्याय लागू आहे.

तात्पर्य, दोन्ही ग्रंथ संग्राह्य आहेत, पण एकटा एक घेऊं नये. ज्या घरांत मुलगी कॉलेजांत शिकते व हे शब्द घरीं घेऊन येते, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं दोन्ही वाचावे. आणि मुलीनें ज्या पक्षाचा ग्रंथ आधीं आणला असेल त्याच्या उलट पक्षाचा तिच्या हातीं द्यावा. विचार स्वच्छ कसा करावा हें स्टॉकबाईंकडून शिकावें. विचार ज्याच्याविषयीं करावयाचा त्याच्या घरांत डोकावावें कसें, हें फेबाईंकडून. या दोन गोष्टी ज्याच्या ठायीं एकत्र आहेत असा ग्रंथ या विषयावर इंग्रजींत आम्हांस अद्याप आढळला नाहीं. मराठींत तो होण्यास हरकत नाहीं. सामग्री भादली बुद्रुकपासून मुंबईपर्यंत पसरलेली आहे. जो कोणी तो लिहील त्यानें आश्रयगृहांतील स्त्री आणि घरांतून हाकललेली पारलिंगी मुलगी या दोघींस समोर बसवून त्यांना मोठ्यानें वाचून दाखवितां येईल असें प्रत्येक पान लिहावें, एवढीच आमची सूचना आहे.